नववा मजला

"तोंड उघड. अजून. आता बोलू नकोस," असं म्हणून त्याने रंगाच्या पट्टीतला तिसरा दात ताईच्या दातांशेजारी धरला आणि खिडकीच्या उजेडात डोळे बारीक करून बघू लागला. ताईचे वरचे पुढचे चार दात गेले होते. न्हाणीघरात पाय घसरला, नळावर तोंड आपटलं, एवढंच. उरलेल्या दातांच्या रंगाशी जुळणारे चार दात बनवायचे होते. एरवी दातांच्या डॉक्टरीणबाई माप आणि रंग लिहून पाठवतात आणि त्याला पेशंटचं तोंडही दिसत नाही. पण सख्ख्या बहिणीचं काम, म्हणून त्याने तिला इकडे लॅबमध्येच बोलावलं होतं. कोपऱ्यात बसून मेणात दात रोवणारा त्याचा जोडीदार, ज्याला सगळे मेणबत्ती म्हणत, नेहमीसारखा त्याची खोडी काढत होता. "काय हो, ती तुमची दगडी राजावाली गेम. तिचा शेवट काय असतो? मी काल मोबाइलवर शोधणार होतो, म्हटलं तुम्ही रागवाल." "शोध की. चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. मी बघितलेला नाही आणि मरेपर्यंत बघणार नाही," तो म्हणाला. "जो शेवट आपल्या हाताने गाठला नाही तो दुसऱ्याच्या हाताने बघायचा म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास." "एकतीस वर्षं?" "एकतीस वर्षं." एवढं बोलून त्याने ताईच्या तोंडातला आरसा काढला. तिने जबडा मिटला, दोनदा गिळलं आणि सहज म्हणाली, "काही नसतं रे. दार उघडतं, आत एक खुर्ची असते. खुर्चीवर कोणीच नसतं. तो दगडी राजा पडेस्तोवर मात्र माझे तळवे घामाने चिंब झाले होते."

मग ती थांबली. त्याच्या चिमटीत तिसऱ्या रंगाचा दात होता. मेणबत्तीला काहीच कळलं नाही, तो आपला मेण तापवत बसला. ताईने पर्स उचलली, रुमाल तोंडावर धरला, "चारची बस चुकेल" म्हणाली आणि गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला. त्याने वहीत तिसरा रंग लिहिला, खोडला, पुन्हा तिसराच लिहिला. समोर तिच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा ठेवलेला होता, खालचा आणि वरचा, चार दातांच्या जागी एक गुळगुळीत खाच. पाच मिनिटांपूर्वी ते नुसतं काम होतं. आता ते तोंड होतं, आणि ते तोंड एकतीस वर्षं गप्प बसलं होतं.

संध्याकाळी तो चालत घरी गेला. राग यायला हवा होता, पण तो आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, कारण रागाची त्याला सवय होती. गेमवाल्यांच्या एका चर्चागटात तो 'नववामजला' या टोपणनावाने लिहीत असे आणि तिथे तो रागासाठीच प्रसिद्ध होता. नव्या पिढीच्या पोरांनी त्याला 'खडूस आजोबा' ठरवून टाकलं होतं. त्याची मतं ठाम होती. हल्लीचे गेम माणसाला अंगावर पिणारं पोर समजतात, असं तो लिहायचा. कुठे जायचं ते बाण दाखवतो, काय करायचं ते कोपऱ्यात लिहून येतं, पडलात तर पाच पावलं मागे उचलून ठेवतात आणि वर शाबासकी देतात. दर दोन मिनिटांनी आपोआप जतन होतं. काही गमावायची सोयच ठेवलेली नाही, मग मिळवलं काय? साठ तास खेळायचं, त्यातले चाळीस तास घोड्यावर बसून गवत बघायचं. गवत छान काढलंय म्हणे! गवत बघायचं असेल तर मैदानात जा ना. आणि जुने? जुने गेम तोंडावर दार आपटायचे. तीन जीव. तीन संपले की घरी जा, पहिल्यापासून सुरू कर, तुझी काल दिवसभराची मेहनत गेली खड्ड्यात. त्यात एक सचोटी होती. तो गेम तुझा कोणी लागत नव्हता आणि लागतो असं दाखवतही नव्हता.

हे सगळं तो मनापासून लिहायचा. आणि त्यातलं निम्मं खोटं होतं हेही त्याला माहीत होतं. जुने गेम अवघड होते कारण ते इवलेसे होते. सगळं मिळून अर्ध्या तासाचा ऐवज, तो सहा महिने पुरवायचा तर पोरांना मारत राहण्याशिवाय दुसरा इलाज नव्हता. दहातले सात तर निव्वळ कचरा होते. एकात एक माणूस झाडावरून झाडावर उड्या मारायचा आणि चौथ्या झाडावर हमखास हवेतच अडकायचा. त्याला घरात 'उडीबाबा' म्हणत. तसंच नव्यांतलाही एक त्याच्या काळजात घुसून बसला होता. त्यात फक्त एक नाव असते. आपण नावाडी. नदीच्या या काठावर माणसं येतात, त्यांना त्या काठाला सोडायचं. ती वाटेत बोलतात. कोणी बायकोवर चिडलेला असतो, कोणी नुसता पाण्याकडे बघत बसतो. मारामारी नाही, गुण नाहीत, हरणं नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेल्यावर महिन्याभराने तो हा गेम खेळला होता. शेवटी एक म्हातारी चढते आणि विचारते, "तुला उशीर तर नाही ना होत?" त्याने रिमोट खाली ठेवला होता आणि बराच वेळ उचलला नव्हता. दुसऱ्या दिवशी चर्चागटात त्याने लिहिलं, 'कंटाळवाणा. वल्ही मारून मनगटं दुखतात. यापेक्षा उडीबाबा परवडला.' लोक हसले. खरं लिहायला वेगळं धैर्य लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं. त्याच्याकडे नुसता आवाज होता.

घरी बायको औषधाच्या दुकानातून नुकतीच आली होती. पाय टेबलावर टाकून बसली होती. "झाला का ताईंचा रंग?" तिने विचारलं. "तिसरा," तो म्हणाला. "तोंड का पाडलंय? माझ्या दातांचा रंग बघितल्यावरही एवढं पाडलं नव्हतंस." तो हसला नाही. "एक विचारू? तू कधी माझ्याशी असं खोटं बोललीयस, की तीस वर्षांनी मला कळावं?" तिने विचार केल्यासारखं केलं. "आपल्या लग्नाला अठराच झाली. थांब की अजून बारा." मग ती उठून आत गेली. माळ्यावर चढायला स्टूल लागायचं, ते त्याने आणलं. गेमच्या जुन्या यंत्राचा खोका हलका लागला. लहानपणी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून आणावा लागला होता.

यंत्र आणलं होतं मामाने, तो तेरा वर्षांचा असताना. करड्या रंगाचं, लाल दिव्याचं, दोन रिमोट आणि एक कॅसेट. कॅसेटवरचं नाव परक्या लिपीत होतं, कुणालाच वाचता येईना. म्हणून घरानेच बारसं केलं, दगडी राजा. नऊ मजल्यांचा मनोरा. तळातून वर चढत जायचं. नवव्या मजल्यावर दार, दारापुढे दगडाचा राजा. त्यात जतन करायची सोय नव्हती. विजेचं बटण बंद केलं की तू पुन्हा तळमजल्यावर. पण यंत्रावर थांबवायचं बटण होतं, आणि ज्यांच्याकडे असली यंत्रं होती त्या सगळ्या पोरांना एकच युक्ती माहीत होती. गेम थांबवायचा, टीव्ही बंद करायचा आणि यंत्र तसंच चालू ठेवायचं. रात्रभर, शाळेच्या वेळात, दोन दोन दिवस. आत तो चिमुकला माणूस पाय उचललेल्या अवस्थेत तसाच गोठून राहायचा. मोठ्यांच्या नजरेला लाल दिवा पडू नये म्हणून वर टॉवेल टाकायचा. टॉवेल उबदार लागायचा, यंत्राच्या ठोकळ्याला तापल्या प्लास्टिकचा वास यायचा. तो वास त्याला अजून ओळखू येई; लॅबमध्ये कवळीचं गुलाबी रसायन तापतं तेव्हा नेमका तसाच वास येतो आणि त्याच्या अंगठ्याला आपोआप हालचाल सुटते.

त्या रविवारी तो नवव्या मजल्यावर पोचला होता. पहिल्यांदा. एकच जीव उरला होता. तेवढ्यात वडील बातम्यांसाठी आले, त्याला उठावं लागलं. त्याने बटण दाबलं, टॉवेल टाकला. सोमवारी शाळेत दिवसभर त्याला काहीही ऐकू गेलं नाही. घरी पळत आला, टॉवेल उचलला. टॉवेल गार होता. दिवा नव्हता. प्लग भिंतीपासून हातभर लांब फरशीवर पडलेला, उताण्या किड्यासारखा, पाय वर. आई शेजारी टेबलावर इस्त्री करत होती. ती म्हणाली, "मीच काढला. शर्ट इस्त्री करायचे होते." एवढंच म्हणाली. वर मान करून त्याच्याकडे बघितलंही नाही. तेरा वर्षांच्या पोराला जे जे येतं ते सगळं तो बोलला, आणि शेवटी जे येत नव्हतं तेही बोलला, "तू या घरात नसतीस तर बरं झालं असतं." इस्त्री थांबली नाही. ताई दाराच्या चौकटीत उभी होती, वेणीचं टोक तोंडात धरून. सतरा वर्षांची. तिचे कॉलेजचे सुट्टीचे दिवस होते. तिने वेणी तोंडातून काढली, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण आईने म्हटलं, "जा, कणीक मळायला घे," आणि ती गेली.

अकरा दिवस तो आईशी बोलला नाही. मग एका सकाळी मोजा सापडेना म्हणून बोलला, आणि ते प्रकरण मिटलं. मिटलं असं तो समजत आला. खरं तर त्या दिवसापासून आई विचारू लागली. कुठलाही प्लग असो, पंख्याचा, मिक्सरचा, पुढे मोबाइलच्या चार्जरचा, हात लावण्याआधी ती थांबायची आणि विचारायची, "हे काढू का रे?" तो वीस वर्षांचा झाला, त्याचं लग्न झालं, वेगळं घर झालं, तीसचा झाला, चाळीसचा झाला. त्याच्या घरी यायची तेव्हाही विचारायची, "हे काढू का रे?" बायको हसायची. तोही हसायचा. "थांब, मी काढतो," म्हणायचा. हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी औषध सोडणारं एक यंत्र होतं आणि शेजारी त्याच्या मोबाइलचा चार्जर. नर्सला ती जागा हवी होती, तिने चार्जरला हात घातला. आईने सुई टोचलेला हात उचलला. तिला त्या आठवड्यात बोलायला त्रास व्हायचा, तरी म्हणाली, "त्याला विचारा आधी." नर्स म्हणाली, "आजी, चार्जर आहे नुसता." आई म्हणाली, "असू दे. त्याला विचारा." तो दाराशी उभा होता. त्याला तेव्हा फक्त संकोच वाटला होता.

आता खोक्यातली वायर सोडवता सोडवता त्याला ते शर्ट आठवले. एकतीस वर्षांत ते त्याला कधी आठवले नव्हते. त्या सोमवारी टेबलावर जी चळत होती तिला चुणी नव्हती. रविवारी सकाळी वडिलांसमोर झालेली इस्त्री होती ती. कॉलरची घडी जशीच्या तशी. आई इस्त्री झालेल्या शर्टांना इस्त्री करत होती. हे त्याने तेव्हा पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं, नक्की. पण ज्याला फक्त एक लाल दिवा बघायचा असतो त्याला शर्ट कसे दिसणार?

शनिवारी त्याने अर्धी रजा घेतली. यंत्र चालू होईल असं वाटलं नव्हतं, पण कॅसेटच्या तोंडात फुंकर मारली, दोनदा आत-बाहेर केली, आणि मनोरा दिसला. रंग तेच चुकलेले, आकाश गुलाबी, विटा हिरव्या. तो बसला. दुपारभरात सात वेळा मेला. अंगठा दुखायला लागला, चाळिशीतला अंगठा, दिवसभर दात घासून बोथटलेला. चौथ्या मजल्यावरचा वटवाघळांचा जिना त्याला पाठ असेल असं वाटलं होतं. डोक्याला होता, बोटांना नव्हता. आठव्यांदा उलटं झालं. डोक्याने हात टेकले आणि बोटं आपली आपण चालू लागली. सहावा मजला. तिथे त्याने थांबवलं, टॉवेल टाकला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाच्या टीव्हीपुढे, विचारणारं कोणी नसताना टॉवेल. बायकोने पाहिलं. "तुझी ती लाल दिव्यावाली झोपली वाटतं?" एवढंच म्हणाली आणि त्या बाजूचं झाडून घ्यायचं तिने सोडून दिलं. तो म्हणाला, "अगं, झाड ना." ती म्हणाली, "नको बाबा. उगाच धक्का लागायचा." घरातली बाई त्याच्या वस्तूला वळसा घालून झाडत होती. आईनंतर दुसरी बाई. आणि तो टॉवेल सांभाळत उभा होता.

रविवारी साडेअकराला तो नवव्या मजल्यावर पोचला. दार. एक जीव. त्याने बटण दाबलं. ताईला फोन केला. "मेणात दात लावून आणलेत. डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आधी एकदा तोंडात बसवून बघतो. येतेस?" ती येते म्हणाली. हे खोटं नव्हतं. मेणाचा साचा खरंच त्याच्या डब्यात होता. पण त्याला तिचं तोंड बघायचं होतं ते दातांसाठी नव्हे. टॉवेल उचलल्यावर ते कसं होतं ते त्याला बघायचं होतं. त्याने वाक्य तयार ठेवलं होतं. चर्चागटात लिहायचा तसं, तीनदा घासून धार लावलेलं. तुझ्यामुळे मी माझ्या आईला काय बोललो ते तुला ठाऊक होतं आणि तू कणीक मळलीस.

ताई आली. बायको कामावर गेली होती. त्याने तिला खिडकीजवळ बसवलं, मेणाचा साचा तिच्या टाळूवर बसवला, ओठ उचलून पाहिला. चारी दात जागेवर. रंग जुळला होता. "दाबू नकोस हं. मेण आहे. दात हलतील," असं तो सवयीने म्हणाला आणि आरसा तिच्या हातात दिला. ताईने पाहिलं. तोंडावर हात न ठेवता पाहिलं. मग आरशातूनच तिला मागचा टॉवेल दिसला, टॉवेलच्या विणीतून लाल ठिपका. तिने आरसा मांडीवर उपडा ठेवला.

"चालू आहे?"

"कालपासून."

"नवव्यावर?"

"दारापाशी."

"विचार की मग," ती म्हणाली. मेणामुळे तिचे शब्द जाड येत होते. "नुसता टकमक काय बघतोस? माझं तोंड उघडून बघायला तुला पैसे मिळतात, त्यातनं काय बाहेर येतं ते ऐकायला नको."

"तू खेळलीस."

"हो."

"माझा गेम."

"तुझा!" ती हसली. "दोन महिने मला शेजारी बसवायचास आणि दुसरा रिमोट हातात द्यायचास. 'ताई, तो मागचा शिपाई तू आहेस, दाब बटणं.' आणि मी दाबायची. त्या रिमोटची वायर कपाटामागे लोंबत होती, जोडलेलीच नव्हती. तुला काय वाटलं, मला कळलं नाही? पहिल्याच दिवशी कळलं."

ते तो विसरला होता. विसरला नव्हता, ती गंमत म्हणून त्याने चर्चागटात दोनदा लिहिली होती, लोक खूप हसले होते. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू उठवलं असतंस. तिथनं उठलं की कुठे? ओट्यापाशी." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू शाळेत गेलास की मी खेळायची. आधी पहिल्यापासून. मी सहाव्यापर्यंत जायची, तुला सांगते, तुझ्यापेक्षा लवकर. त्या दिवशी टॉवेल उचलला तर समोर दारच. म्हटलं एकदा बघते. हरले असते तर काय, तुझी शिवी खाल्ली असती. पण मी हरले नाही ना! तीच तर पंचाईत. राजा पडला, दार उघडलं, ती खुर्ची. मला वाटलं आता मागे नेऊन ठेवता येईल, होतं तसं. ते मागे जाईना. मी सगळी बटणं दाबली. ते पुढेही जाईना, मागेही जाईना. मग मी प्लग ओढला."

"आणि आईने बघितलं."

"दारात उभी होती. मी रडायला लागले. म्हणाली, रडू नकोस, मी काढला म्हणून सांगते. मी म्हटलं, अगं तो तुला काय काय बोलेल. तर म्हणाली, तुझ्याशी अबोला धरला तर तो आयुष्यभर धरील, त्याचा स्वभाव तसा आहे. माझ्याशी धरून धरून किती दिवस धरील?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस पाण्याची टाकी घासत होता, अर्धा आत वाकलेला. "किती म्हणाली?" त्याने विचारलं.

"आठ. आठ दिवस म्हणाली. तू तीन जास्त घेतलेस."

तयार ठेवलेलं वाक्य त्याने शोधलं. ते होतं तिथेच होतं, धारही तशीच होती. पण ते ज्याला लागायचं तो माणूस समोरच्या खुर्चीत नव्हता. आईने त्याला नेमका ओळखला होता. तीन दिवसांचा फरक सोडला तर अगदी नेमका. आणि तिने ओळखलं त्यात कौतुक नव्हतं. घरातल्या दोन बायकांनी त्याचा हिशेब मांडून ठेवला होता, भिंतीतली तार कुठे उघडी आहे हे घरातल्यांना माहीत असतं तसा. हात कुठे लावायचा नाही, कसं वळून जायचं. तो स्वतःला करारी समजत होता. शेवट बघणार नाही म्हणून मिरवत होता. तो शेवट तर एकतीस वर्षं त्याच्या शेजारी बसत आला होता, राखी रंगाचा पदर घेऊन, तोंडावर हात ठेवून.

"सांगावंसं नाही वाटलं कधी?" तो म्हणाला.

"काय सांगू? मी जिंकले?" ताई म्हणाली. "आयुष्यात एकदा मी काहीतरी जिंकले रे. कोणाला सांगायची सोय नव्हती. परवा तुझ्या त्या मेणबत्तीने विचारलं आणि आलं तोंडातून. चार दात नाहीत, अडवणार कोण?"

त्याला हसू आलं. तो उठला, टॉवेल काढला, घडी केली. टीव्ही लावला. गुलाबी आकाश, हिरवं दार, दारापुढे पाय उचलून उभा राहिलेला चिमुकला माणूस, मागे त्याचा शिपाई. पहिला रिमोट त्याने ताईपुढे धरला.

"मला कशाला? एकच जीव आहे तुझा."

"घे. तूच पाडलायस त्याला एकदा. मी दुसरा घेतो, मागचा शिपाई."

तिने रिमोट घेतला. मग लगेच सुरू केलं नाही. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली आणि दुसऱ्या रिमोटची वायर बोटांत धरून तिच्या मागे मागे जात थेट यंत्रापर्यंत गेली.

"जोडलाय गं," तो म्हणाला.

"बघू दे." तिने वायर जरा ओढून पाहिली. सुटली नाही. मग मांडी घालून बसली आणि बटण दाबलं.

दगडी राजा हलला. एकतीस वर्षांनी तो ते पाहत होता. राजाचे हात वर जायचे, एक क्षण थांबायचे आणि मग अख्खा पडदा हादरायचा. ताई पहिले दोन घाव चुकली, तिसरा मारला. तिची पाठ ताठ झाली होती, जबडा आवळला होता. त्याने शिपायाला डावीकडून नेलं, राजाचं लक्ष वेधलं, "मार, मार आता!" असा ओरडला. तिने मारला. "अगं, वर उडी, वर!" "तू गप रे, मला माहितीये!" ती ओरडली, आणि राजाचा उजवा हात खाली आला, आणि चिमुकला माणूस चपटा झाला. वाद्यांचे चार रडके सूर. मग मनोरा तळापासून दिसू लागला, नऊच्या नऊ मजले, आणि खाली परक्या लिपीतली ती ओळ उघडझाप करू लागली.

दोन दिवसांची मेहनत. तो वाट बघत राहिला, आतून काहीतरी उसळून येईल म्हणून. नुसता अंगठा दुखत होता.

"मेलास की रे," ताई म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. तिने दोन बोटं तोंडात घालून साचा बाहेर काढला. मेण चपटं झालं होतं. चार दातांपैकी दोन आत लोळले होते आणि मागच्या बाजूला तिच्या दाढांचे ठसे रुतले होते, खोल, एकाशेजारी एक. दाबू नकोस म्हणून सांगितलेल्या माणसाच्या हातात गेम द्यायचा नसतो, हे त्याच्या धंद्यात शिकवत नाहीत. ठसे बघताच त्याला कळलं की ती झोपेत दात खाते. प्लास्टरच्या साच्यात ते आधीही दिसत होतं. झिजलेली टोकं, सपाट झालेल्या दाढा. कित्येक वर्षांचं.

"वाया गेलं का रे?"

"सोमवारी पुन्हा लावतो. मेण आहे, काय जातंय?"

ती साचा त्याच्या डब्यात ठेवत म्हणाली, "खुर्ची तुला दिसायची राहिली."

"कोणी नव्हतंच ना तिच्यावर."

"कोणी नव्हतं."

तिच्या फोनची चार्जिंग संपत आली होती. तिने पर्समधून वायर काढली, भिंतीकडे पाहिलं. टीव्हीची सोडली तर प्लगची जागा एकच होती, तिच्यात यंत्राचा प्लग. तिचा हात प्लगजवळ गेला आणि थांबला. पडद्यावर ओळ उघडझाप करत होती.

"हे काढू का रे?" ताईने विचारलं.

आवाज ताईचाच होता. ती वाकलेली पाठही ताईचीच. 'थांब, मी काढतो' हे शब्द त्याच्या ओठांशी आले, जसे जवळजवळ तीस वर्षं आले होते.

"काढ," तो म्हणाला.

तिने प्लग ओढला. पडद्यावरचं चित्र तत्काळ गेलं. पण लाल दिवा गेला नाही. ठोकळ्यात साठलेल्या विजेवर तो क्षण-दोन क्षण तसाच राहिला, मग तांबूस झाला, मग हळूहळू मावळला. हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.